कॅमेरा कुणाच्या मांडीवर होता?

हा आपल्या इतिहासाच्या भागाचा लिहिलेला मजकूर. ऐकताना काही नावं निसटली असतील तर इथे निवांत वाचा. लोकलमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठीही हाच मार्ग आहे. बोलताना मी थोडा भरकटलो होतो, ते भरकटणं मुद्दाम तसंच ठेवलंय.

सुरुवात घरापासून करतो. आमच्या आजोळी लोखंडी कपाटात लग्नांचे चार अल्बम आहेत. चारही अल्बममध्ये माझा मामा आहे, आणि चारही अल्बममध्ये तो बसलेला आहे. सगळे उभे, मामा खुर्चीत. पुढे दोन पोरं उभी केलेली, म्हणजे पायातला कॅलिपर दिसू नये. मामाला लहानपणी पोलिओ झाला. घड्याळं दुरुस्त करतो, राजकारणावर तासभर बोलतो, कॅरममध्ये आजही मला हरवतो. पण आमच्या घराण्याच्या दस्तऐवजात तो खुर्चीतला माणूस आहे. एका लग्नाची व्हिडिओ कॅसेटही आहे. त्यात मामा हॉलमध्ये चालत येतो, तर कॅमेरावाला पटकन कॅमेरा फुलांच्या कमानीकडे वळवतो. वाईट हेतूने नाही. त्याला बिचाऱ्याला वाटलं असणार, हे कशाला दाखवायचं.

तर आजचा प्रश्न इथून निघाला. घरातला कॅमेरा असा वागतो, तर सिनेमाचा कॅमेरा कसा वागला? आणि मी कथापटांबद्दल बोलत नाहीये. तिथला आंधळा गायक, लंगडा खलनायक आपल्याला तोंडपाठ आहेत. मी बोलतोय माहितीपटांबद्दल, म्हणजे जे सिनेमे म्हणतात की आम्ही खरं दाखवतो.

त्यातला सगळ्यात काळा भाग आधी सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीत एक कायदा झाला. आनुवंशिक आजार असलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करायची, असा. पुढच्या काही वर्षांत साधारण ४ लाख लोकांची नसबंदी झाली. आता एवढ्या लोकांवर असलं काही करायचं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते पटलं पाहिजे ना? मग सिनेमे निघाले. १९३६ चा 'एर्बक्रांक' आणि १९३७ चा 'ओप्फर डेर फेरगांगेनहाइट'. दुसऱ्याचा अर्थ 'भूतकाळाचे बळी'. हे माहितीपटच होते. खरी इस्पितळं, खरे रुग्ण, वरून शांत आवाजात निवेदन. प्रकाश असा टाकायचा की चेहरा भीतिदायक दिसेल. मग एक सुंदर इमारत दाखवायची आणि सांगायचं की बघा, या लोकांवर तुमचा किती पैसा खर्च होतोय. 'ओप्फर' जर्मनीतल्या थिएटरांमधून दाखवला जावा असा हुकूम होता. १९३९ मध्ये टी-फोर नावाची मोहीम सुरू झाली. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत तिच्यात ७० हजारांहून जास्त अपंग आणि मनोरुग्ण माणसं वायूने मारली गेली. त्यानंतरही हत्या थांबल्या नाहीत, फक्त पद्धत बदलली.

म्हणजे 'खरं दाखवतो' या शब्दांना फार भुलू नका. त्या फिल्ममधली माणसं खरीच होती. फक्त त्यातल्या एकालाही कुणी विचारलं नव्हतं की तुझं नाव काय, तुला काय वाटतं.

आता बर्लिनमधून न्यूयॉर्कला जाऊ. वाटेत एक धागा हातात धरा. ज्युडी ह्यूमन. तिचे आईवडील जर्मन ज्यू, लहानपणीच जीव वाचवून अमेरिकेत पाठवले गेलेले. मागे राहिलेलं कुटुंब नाझींनी संपवलं. ज्युडीला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, आणि डॉक्टरांनी सल्ला दिला की हिला संस्थेत ठेवा. आईवडिलांनी नकार दिला. मुलांना घरापासून तोडल्यावर काय होतं हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. ज्युडी पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

त्या काळी अमेरिकेतल्या अशा संस्था कशा होत्या? न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची सरकारी शाळा होती. शाळा फक्त नावाला. ४ हजारांची सोय, आणि १९६५ च्या सुमारास आत ६ हजारांहून जास्त मुलं-माणसं. १९७२ च्या जानेवारीत तिथल्या एका डॉक्टरला, मायकेल विल्किन्सला, पालकांना संघटित करतो म्हणून नोकरीवरून काढलं. पण एका वॉर्डाची किल्ली त्याच्याकडेच राहिली होती. त्याने हेराल्डो रिव्हेरा नावाच्या तरुण टीव्ही रिपोर्टरला फोन केला, आणि कॅमेरा घेऊन ते थेट आत घुसले. अंधार, उघडी मुलं, जमिनीवर घाण, आणि एक सलग विव्हळण्याचा आवाज. रिव्हेरा म्हणतो की दृश्य तुम्हाला दाखवू शकतो, पण वास कसा दाखवू?

हे फुटेज मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाच मिनिटांत बंद केलं. नंतर परत लावलं. आणि मग एक अवघड प्रश्न डोक्यात बसला. दृश्य म्हणून बघाल तर हे नाझी फिल्मपेक्षा फार वेगळं नाहीये. तीच भेदरलेली, उघडी शरीरं, तोच धक्का. तीही कुणाच्या परवानगीशिवाय टिपलेली. पण परिणाम उलटा झाला. लोक खवळले, पालक कोर्टात गेले, १९७५ मध्ये तडजोडीचा निवाडा झाला आणि १९८७ मध्ये विलोब्रुक कायमचं बंद पडलं. म्हणजे त्या मुलांची लाज चव्हाट्यावर मांडून त्यांची सुटका झाली. बरोबर की चूक? मला अजून ठरवता येत नाही. तुमच्यापैकी कुणाचं ठरलं असेल तर मला कळवा.

पण त्या कार्यक्रमात एक जागा वेगळी आहे. बर्नार्ड काराबेल्लो नावाचा तरुण. त्याला सेरेब्रल पाल्सी होती, बुद्धी ठणठणीत होती. तरी तीन वर्षांचा असताना चुकीचं निदान झालं आणि १८ वर्षं तो विलोब्रुकमध्ये राहिला. रिव्हेरा त्याच्यासमोर माइक धरतो. बर्नार्डचे शब्द अडखळत येतात, ऐकायला वेळ लागतो. आणि तो आतलं सगळं सांगतो. माझ्या मते त्या अख्ख्या कार्यक्रमात कॅमेरा तिथे पहिल्यांदा सरळ झाला.

जवळपास याच वर्षांत दोन मोठे दिग्दर्शक दोन टोकांना याच विषयावर काम करत होते, ही मला फार मजेची गोष्ट वाटते.

एक जर्मनीतला वेर्नर हेरत्सोग. १९७१ ची त्याची फिल्म 'लँड ऑफ सायलेन्स अँड डार्कनेस'. तिची नायिका फिनी श्ट्राउबिंगर. लहानपणी जिन्यावरून पडली, किशोरवयात आधी दृष्टी गेली, मग ऐकू येणं गेलं, आणि जवळजवळ ३० वर्षं ती अंथरुणात होती. मग उठली, आणि बव्हेरियात फिरून आपल्यासारख्या इतरांना शोधायला लागली. बोलायचं कसं? तळहातावर. प्रत्येक अक्षरासाठी तळव्यावर वेगळा स्पर्श, वेगळी रेघ. आपण फोनवर स्वाइप करतो ना, तसं काहीसं, फक्त हे शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचं. फिल्मच्या शेवटी एक माणूस बागेत झाडाला धडकतो, थांबतो, आणि मग ते झाड हळूहळू चाचपत, मिठी मारल्यासारखं ओळखत राहतो. निवेदन नाही, काही नाही. मी ते दृश्य अनेकदा बघितलंय.

आता गडबड बघा. फिल्मच्या सुरुवातीला फिनी एक सुंदर आठवण सांगते, हवेत झेपावणाऱ्या स्की-उडीवाल्यांची. आणि हेरत्सोगने नंतर स्वतःच सांगितलं की ती आठवण तिची नव्हतीच. त्याने लिहिली आणि तिला म्हणायला लावली. त्याचं म्हणणं, यातून तिचं आतलं सत्य जास्त नीट पोचतं. असेलही. पण ज्या बाईला जगाशी बोलायला दुसऱ्याचा तळहात लागतो, तिच्या तोंडी तू तुझी वाक्यं घालतोस? मला हेरत्सोग आवडतो, पण हे पटत नाही.

दुसरा आपला सत्यजित राय. १९७२ ची 'द इनर आय'. जेमतेम २० मिनिटांची, फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली. फिल्म्स डिव्हिजन म्हणजे मुंबईत पेडर रोडवर जिचं मुख्यालय होतं ती सरकारी संस्था. आईबाबांना विचारा, पूर्वी थिएटरमध्ये सिनेमाआधी यांची फिल्म बघावीच लागायची, आणि लोक तेवढ्या वेळात बाहेर वडा खायचे. विषय आहे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी. शांतिनिकेतनात रायचे गुरू. जन्म १९०४ चा, आणि जन्मापासूनच दृष्टी अशी की एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला प्रचंड मोठा नंबर. या माणसाने १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भलंमोठं भित्तिचित्र केलं. ओल्या गिलाव्यावर, आधी पूर्ण आराखडा न काढता. ओला गिलावा म्हणजे अनडू नाही. सुकायच्या आत काय ते उरकायचं. आणि हे असा माणूस करतोय ज्याला मागे सरकून अख्खी भिंत एका नजरेत बघताच येत नाही.

१९५० च्या दशकात डोळ्यांची एक शस्त्रक्रिया फसली आणि उरलेली दृष्टीही गेली. आता इथे एखाद्या चॅनेलवाल्याने काय केलं असतं? सारंगी. स्लो मोशन. 'पण नियतीला हे मान्य नव्हतं...' राय यातलं काहीच करत नाही. निवेदन त्याचं स्वतःचं आहे, सरळ, जवळजवळ कोरडं. फिल्मचा बराचसा वेळ चित्रांवर जातो. बिनोदबिहारी अंध झाल्यावरही काम करतायत, कागद कापून आकार तयार करतायत, बोटांनी चाचपून मांडतायत, आणि त्यातून कला भवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं भित्तिचित्र उभं राहतं. राय तुम्हाला रडायला वेळच देत नाही, कारण तो तुम्हाला काम बघायला लावतो. शेवटाकडे बिनोदबिहारींचा स्वतःचा एक विचार येतो, की अंध असणं हीसुद्धा एक नवी जाणीव, जगण्याची एक नवी अवस्था आहे. इथे त्यांच्या तोंडात कुणी वाक्य घातलेलं नाही. फरक कळतोय ना?

या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी माझ्या ऑफिसातल्या एकालाही ती माहीत नव्हती. पाथेर पांचाली सगळ्यांना माहीत. असो.

या दोघांच्याही आधी, १९६२ मध्ये, इराणची कवयित्री फरुग फरुखजाद तबरीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेली आणि तिने 'द हाउस इज ब्लॅक' केला. बावीसेक मिनिटं. ती फिल्म जिथे सुरू होते तिथे एक बाई आरशात स्वतःला बघतेय. म्हणजे आपण तिच्याकडे बघायच्या आधी ती स्वतःकडे बघतेय. तिथल्याच एका मुलाला फरुगने नंतर दत्तक घेतलं. यावर स्वतंत्र भाग करायचाय, म्हणून इथे थांबतो.

आता ज्या फिल्ममुळे हा भाग करावासा वाटला, तिच्याकडे. 'क्रिप कॅम्प', २०२०. क्रिप म्हणजे आपल्याकडे 'लंगड्या' म्हणून हाक मारतात तसा शब्द. दिग्दर्शक दोघं, निकोल न्यूनम आणि जिम लेब्रेक्ट. जिमला जन्मतः स्पायना बायफिडा, व्हीलचेअर वापरतो, आणि धंद्याने तो साउंड डिझायनर. वर्षानुवर्षं इतरांच्या नाटक-सिनेमांचा आवाज करत बसलेला माणूस. म्हणजे ही फिल्म बाहेरून आलेल्या कुणी केलेली नाही.

गोष्ट अशी. न्यूयॉर्कजवळ कॅटस्किलच्या डोंगरांत अपंग मुलांसाठी एक उन्हाळी शिबिर होतं, कॅम्प जेनेड. १९७१ च्या उन्हाळ्यात १५ वर्षांचा जिम तिथे गेला. चालवणारे सगळे हिप्पी. केस वाढवलेले, गिटार, सिगारेटी. जिम सांगतो की बस आत शिरली तेव्हा त्याला कळेचना, यातले शिबिरार्थी कोण आणि कार्यकर्ते कोण. आणि योगायोग म्हणजे त्या उन्हाळ्यात पीपल्स व्हिडिओ थिएटर नावाचा एक गट तिथे कॅमेरा घेऊन आला होता.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, दोन मिनिटं सहन करा. १९६० च्या दशकाच्या शेवटी सोनीने पोर्टापॅक आणला. अर्ध्या इंचाची टेप, काळं-पांढरं चित्र, आणि एकट्या माणसाला उचलता येईल असं वजन. त्याआधी फिल्म काढायची म्हणजे रीळ विकत घ्या, लॅबला पाठवा, वाट बघा. आता टेप मागे फिरवली की लगेच बघता येतं. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचा हा खापरपणजोबा. तंत्र स्वस्त झालं की कॅमेरा नव्या लोकांच्या हातात जातो, आणि नवे लोक काहीतरी वेगळंच टिपतात. या गटाने काय केलं? शिबिराची फेरी मारायला कॅमेरा जिमकडेच दिला. त्याच्या व्हीलचेअरवरून, त्याच्या उंचीवरून. मांडीच्या उंचीवरून जग कसं दिसतं हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. लोकांच्या कोपरांच्या पातळीवर सगळं चालू असतं.

आणि फुटेजमध्ये आहे काय? काहीच ग्रेट नाही! पोरं बेसबॉल खेळतायत. प्रेमात पडतायत. शिबिरात उवांची साथ येते आणि सगळ्यांना ते भयंकर विनोदी वाटतं. आचाऱ्याला सुट्टी आहे तर जेवायला काय करायचं यावर सभा भरते, आणि तेविशीतली ज्युडी ह्यूमन ती सभा चालवतेय, एकेकाचं मत घेतेय. लझान्या की आणखी काही. आपल्या गणेशमंडळाच्या बैठकीइतका वाद. एवढ्या सगळ्या माहितीपटांनंतर मला पहिल्यांदा अपंग माणसं कंटाळलेली, चावट, भांडखोर, हट्टी दिसली. म्हणजे माणसांसारखी.

त्यातलं एक दृश्य सांगतो. टेबलाभोवती पोरं बसलीयत, विषय आहे आईवडील आपली किती काळजी करतात आणि त्याचा किती जाच होतो. एक मुलगी बोलायला लागते. तिचं बोलणं आपल्याला अजिबात कळत नाही. ती बराच वेळ बोलते. कुणी मध्ये तोडत नाही, कुणी 'बरं बरं' म्हणून मान हलवून गप्प करत नाही. ती थांबल्यावर शेजारचा मुलगा सांगतो, मला वाटतं ती असं म्हणतेय की प्रत्येकाला कधीतरी एकटं राहायचं असतं. बस. एवढंच दृश्य.

पुढे काय झालं ते थोडक्यात, कारण फिल्म तुम्ही बघणारच आहात. ज्युडीला १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने शिक्षिकेचा परवाना नाकारला होता, ती कोर्टात गेली आणि जिंकली. १९७३ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला, त्याचं कलम ५०४ म्हणत होतं की सरकारी पैसा घेणाऱ्या कुणीही अपंगांबाबत भेदभाव करायचा नाही. पण नियमावर सही कुणी करेना. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत दीडशेच्या आसपास लोक घुसले आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ तिथून हललेच नाहीत. यात असे लोक होते ज्यांना रात्री कूस बदलायलाही दुसऱ्याची मदत लागते. फोन तोडले, तर कर्णबधिर मंडळी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर बातम्या पोचवू लागली. ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज गरम जेवण आणून द्यायचे, कारण आत बसलेल्यांत त्यांचा एक साथी होता, ब्रॅड लोमॅक्स, तोही व्हीलचेअरवर. २८ एप्रिलला सही झाली. एका सुनावणीत ज्युडी बोलत असताना समोरचा अधिकारी समजल्यासारखी मान डोलावत असतो, आणि रडवेल्या आवाजात ती त्याला सांगते की तुम्हाला कळत नाहीये तर मान हलवणं तरी बंद करा. ऑफिसमधल्या मीटिंगांमध्ये मला ते दृश्य हमखास आठवतं.

आणि खरं सांगायचं तर त्या मान हलवणाऱ्यांमध्ये मीही आहे. एका ॲपवर काम करताना 'स्क्रीन रीडरवर बटणांची नावं वाचली जात नाहीत' अशी तक्रार आली होती. आम्ही सगळ्यांनी मान हलवली, महत्त्वाचं आहे म्हणालो, आणि ती पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकली. मग त्याच्या पुढच्या. सात महिने. दुरुस्तीला शेवटी दीड दिवस लागला.

आपल्याकडचं एक उदाहरण घेतो, आणि यात थेट मुंबईचा माणूस आहे. २०१२ ची 'अल्गोरिदम्स', दिग्दर्शक इयन मॅकडोनाल्ड. (नाव बघून मी कोडिंगची फिल्म समजून लावली होती.) विषय अंध मुलांचं बुद्धिबळ. चारुदत्त जाधव हे स्वतः किशोरवयात दृष्टी गेलेले बुद्धिबळपटू देशभर फिरून अंध खेळाडू हुडकतायत, आणि कॅमेरा वडोदऱ्याचा दर्पण इनानी, चेन्नईचा साईकृष्ण आणि भुवनेश्वरचा अनंत यांच्यामागे तीनेक वर्षं राहतो. फिल्म पूर्ण काळी-पांढरी आहे. अंध खेळाडूच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि सोंगटीला खुंटी. दोन्ही रंग हाताला ओळखू यावेत म्हणून एका रंगाच्या सोंगट्यांवर खूण. दोघांचे पट वेगळे, चाल तोंडाने सांगायची. म्हणून कॅमेरा चेहऱ्यांपेक्षा जास्त हात बघतो. पटावर सतत फिरणारी बोटं, विचार करणारी बोटं. या फिल्ममधली मुलं हरतातही, आणि हरल्यावर चिडतात. प्रेरणाबिरणा कुणी देत नाही. यातला दर्पण पुढे हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. तेव्हा आपल्याकडच्या बातम्या काय होत्या ते तुम्हीच ओळखा. बरोबर, 'अंधत्वावर मात'. त्याने मात प्रतिस्पर्ध्यांवर केली होती हो!

या 'मात' प्रकाराला स्टेला यंग नावाच्या ऑस्ट्रेलियन पत्रकार-विनोदवीर बाईने जगभर पोचवलेलं एक नाव आहे, इन्स्पिरेशन पॉर्न. ती स्वतः व्हीलचेअरवर. तिचं म्हणणं साधं होतं, तुमचा सोमवार बरा जावा म्हणून आम्ही जन्मलो नाही. आणि दुसऱ्या टोकाला श्वेता घोषची २०१३ ची 'ॲकसेक्स' बघा, ज्यात अपंग स्त्रिया आपल्या शरीराबद्दल, इच्छांबद्दल, लग्नाबद्दल मोकळेपणी बोलतात. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका चित्रपटाच्या खटल्यात पडद्यावरच्या अपंगांच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या खंडपीठाने. त्यात अपंगांना समजून घेणारा विनोद वेगळा आणि त्यांना कमी लेखणारा विनोद वेगळा, असा फरकही केलाय.

शेवटी परत मामा. दिवाळीत मी त्याला 'क्रिप कॅम्प' दाखवली, टीव्हीला लॅपटॉप जोडून. इंग्रजी त्याला अर्धवट कळतं, मी मध्ये मध्ये सांगत होतो. सरकारी इमारतीतलं आंदोलन आलं तेव्हा मी जरा भारावून त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "अरे, एवढे दिवस आत, मग ह्यांच्या संडासाची सोय काय होती?" माझ्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता.

मग मी त्याला १९९० च्या मार्चमधलं वॉशिंग्टनचं फुटेज दाखवलं. अपंगांच्या नव्या कायद्याचं काम रखडलं होतं म्हणून साठेक लोकांनी व्हीलचेअरी, कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदेच्या पायऱ्या सरपटत चढल्या. त्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. जुलैत कायद्यावर सही झाली. मामा गप्प बसून बघत राहिला. मग म्हणाला, दाखला काढायला गेलो होतो ते ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नाही. वरून साहेब म्हणाले, माणूस समोर दिसल्याशिवाय सही होत नाही. "मी पण असाच गेलो होतो वर. बसून, हातावर. तुझी मामी कुबड्या घेऊन मागनं." अपंग आहे हे सिद्ध करायला दोन जिने. हे आम्हा भाचरांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. अल्बममध्ये नाहीच ते.

सध्या मी मामासाठी त्या फिल्मची मराठी सबटायटल्स करतोय. स्वतःपुरती, रोज रात्री थोडी थोडी. गेल्या आठवड्यात त्या टेबलापाशी अडकलो, ती मुलगी बोलते तिथे. 'एकांत' लिहिलं, ते कवितेसारखं वाटलं. 'खासगीपणा' लिहिलं, ते फॉर्मवरच्या रकान्यासारखं. शेवटी मामाला फोन केला. दुकानात होता, मागे घड्याळांची टिकटिक आणि कुणीतरी गिऱ्हाईक. मी प्रसंग सांगितला. तो म्हणाला, "त्यात काय अवघड आहे? लिही, मला जरा दार लावून बसू द्या."

तेच लिहिलंय.